टपालखर्चाचा वाद : औषध पाठवताना आणि मागवताना

आमच्या चिकित्सालयात औषधवाटपाच्या टेबलाशेजारी गेली काही वर्षे आणखी एक टेबल मांडलेले आहे. पुठ्ठ्याची खोकी, चिकटपट्टीची रिळे, बाटल्यांभोवती गुंडाळण्याचा फुगेवाला कागद आणि एक वजनकाटा, असा त्यावरचा सरंजाम. २०२० सालच्या टाळेबंदीत रुग्ण येऊ शकत नव्हते म्हणून तात्पुरते मांडलेले हे टेबल पुढे उचलले गेलेच नाही. बाहेरगावचे रुग्ण मोबाईलवर विचारतात, पैसे मोबाईलवरूनच पाठवतात आणि औषध टपालाने वा कुरिअरने जाते. आमची स्वतःची खरेदीही तशीच झाली आहे. काष्ठौषधी, बाटल्या, डब्या, क्वचित एखादा जुना ग्रंथ, सारे घरबसल्या मागवले जाते. बहुतेक वैद्यबंधू-भगिनींकडे आज थोड्याफार फरकाने हेच चित्र असावे.

या नव्या व्यवहारात औषधाच्या गुणावरून वाद झाल्याचे आम्हांस फारसे आठवत नाही. औषधाच्या किमतीवरूनही क्वचितच. वाद होतात ते टपालखर्चावरून. रक्कम पन्नास, शंभर, फार तर काही शे रुपयांची. पण त्यापायी मने दुखावतात, खरेदीदार तुटतो आणि आमच्या व्यवसायात त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे चालू असलेली चिकित्सा मध्येच थांबते. या विषयावर त्रैमासिकाची पाने खर्च करावीत काय, अशी शंका आमच्याही मनात आली होती. परंतु पुढील प्रसंगाने ती दूर केली.

७८ रुपये

२०२३ सालची गोष्ट. आमवाताने त्रस्त असलेले एक निवृत्त शिक्षक सहा वर्षांपासून आमच्याकडे चिकित्सा घेत होते. मुलाची बदली झाल्याने ते कऱ्हाडहून नागपूरला राहावयास गेले. रास्नासप्तक काढ्याची भरड, सिंहनाद गुग्गुळ आणि बाह्योपचाराचे तेल असे महिन्याचे औषध आम्ही त्यांना स्पीड पोस्टाने पाठवू लागलो. पुडके साधारण दीड किलोचे होई. औषधाचे मूल्य वेगळे आणि ‘पोस्टेज व पॅकिंग’ म्हणून २२० रुपये, असा आमच्या सहायकाने ठरवलेला शिरस्ता. आम्ही त्यात कधी लक्ष घातले नव्हते.

चौथे पुडके पोहोचल्यावर गुरुजींचा दूरध्वनी आला. आवाजात राग नव्हता. “डॉक्टरसाहेब, पुडक्यावरच्या पोस्टाच्या चिठ्ठीवर १४२ रुपये छापले आहेत. आपण २२० घेता. उरलेले ७८ कशाचे?” त्या वेळी समोर रुग्णांची गर्दी होती. आम्ही उत्तर दिले, “गुरुजी, औषध घरपोच मिळते आहे ना? आता ७८ रुपयांचा हिशेब वैद्याकडे मागायचा का?” पलीकडून “बरं” एवढाच शब्द आला आणि दूरध्वनी बंद झाला.

पुढच्या महिन्यात त्यांची मागणी आली नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आम्ही समजलो, उतार पडला असेल. अडीच महिन्यांनी त्यांच्या सूनबाईंचा दूरध्वनी आला तेव्हा खरी परिस्थिती कळली. मनगटे आणि गुडघे पुन्हा सुजले होते, सकाळी दोन-दोन तास हातांचा जखडलेपणा जात नव्हता आणि गुरुजी औषधाच्या दुकानातून कोणाच्याही सल्ल्याविना वेदनाशामक गोळ्या आणून खात होते. त्या गोळ्यांनी पोटात आग पडू लागल्यावर घरच्यांना सारे समजले. “बाबा म्हणतात, पैशांचं काही नाही, पण विचारल्यावर सांगायला काय हरकत होती?” असे सूनबाई म्हणाल्या.

त्या रात्री आम्ही सहायकाला बसवून त्या ७८ रुपयांचा हिशेब मांडला. खोके २२ रुपये. आतील आवरण आणि चिकटपट्टी मिळून १०. पोस्टापर्यंत रिक्षाला ४० लागत. परंतु त्या फेरीत पाच पुडकी जात, म्हणजे एका पुडक्याच्या वाट्याला ८. एकूण ४० रुपये. उरलेल्या ३८ रुपयांना आमच्याकडे उत्तर नव्हते. कधी तरी कोणी तरी एक गोल आकडा धरला होता आणि तोच चालू राहिला होता. सहा वर्षांची चिकित्सा ज्या प्रश्नावर तुटली, त्या प्रश्नात गुरुजी बरोबर होते. आम्ही त्यांना हस्तलिखित पत्र पाठवले. त्यात हा हिशेब जसाच्या तसा मांडला, चारही पुडक्यांचे जास्तीचे १५२ रुपये परत केले आणि क्षमा मागितली.

विचार करता असे दिसते की, टपालखर्च हा ग्राहकाच्या मनाला विशेष बोचणारा खर्च आहे. औषधाच्या मोबदल्यात हातात औषध येते. टपालखर्चाच्या मोबदल्यात हातात काही येत नाही. शिवाय तो खर्च त्रयस्थाचा असतो आणि त्याचा खरा आकडा बहुधा पुडक्यावरच छापलेला असतो. वैद्याने दर्शनी शुल्क किती घ्यावे, हे रुग्ण सहसा विचारीत नाही, कारण ते वैद्याच्या ज्ञानाचे मोल आहे असे तो मानतो. पोस्टाच्या नावाने घेतलेले पैसे मात्र पोस्टालाच जावेत, अशी त्याची साधी अपेक्षा असते. पॅकिंगला खर्च येतो हे कोणीही मान्य करील. पण तो ‘पॅकिंग’ या नावाने सांगितला पाहिजे.

‘ट. ख. निराळा’

आमच्या आधीच्या पिढीतील वैद्यांना हा विषय नवा नव्हता. जुन्या औषधालयांची सूचीपत्रके ज्यांनी चाळली असतील त्यांना किमतीपुढे छापलेली ‘ट. ख. निराळा’ ही अक्षरे आठवत असतील. टपालखर्च वेगळा पडेल, हे मागणी करण्यापूर्वीच वाचणाऱ्याला कळत असे. व्ही. पी. ने औषध मागवणारा मनुष्य पोस्टमनच्या हाती किती रुपये ठेवावे लागणार याचा अंदाज आधीच बांधून असे. व्ही. पी. न सोडवता परत आली तर जाण्याचा आणि येण्याचा भुर्दंड औषधालयाला सोसावा लागे. म्हणून काही जण निम्मी रक्कम आगाऊ मागत. आजच्या ‘वस्तू मिळाल्यावर पैसे’ या पद्धतीत विक्रेत्यांची जी रड ऐकू येते, ती तीच जुनी रड आहे. फरक एवढाच की, तेव्हा खर्चाचा उल्लेख आधी छापलेला असे आणि आज तो पुष्कळदा पैसे भरण्याच्या अगदी शेवटच्या पायरीवर प्रकट होतो.

सोळा किलोची फुले

आता खरेदीकडे वळू. येथे आम्ही ग्राहकाच्या बाजूला होतो, आणि गुरुजींच्या जागी बसल्यावर कसे वाटते ते कळले.

आसवारिष्टांसाठी धायटीची फुले लागतात. नीमच येथील एका व्यापाऱ्याकडून आम्ही पाच किलो फुले मागवली. कुरिअरचा दर किलोला ६० रुपये, असे त्यांनी सांगितले. पाच किलोंचे ३०० रुपये धरून आम्ही मालाचे आणि वाहतुकीचे पैसे पाठवून दिले. दोन दिवसांनी निरोप आला की कुरिअरचे ९६० रुपये झाले आहेत, तरी उरलेले ६६० पाठवावेत, म्हणजे माल रवाना होईल. आमचे पहिले मत असे झाले की हा मनुष्य आम्हांस फसवीत आहे. तसा कडक निरोप लिहूनही झाला होता. सुदैवाने तो धाडण्यापूर्वी आम्ही खोक्याची मापे मागवली.

मापे आली : लांबी ५० सेंमी, रुंदी ४०, उंची ४०. हवाई आणि जलद वाहतुकीत हलका पण मोठा माल केवळ काट्यावर तोलत नाहीत. लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमधील गुणाकार करून त्यास बहुधा ५००० ने भागतात. जो भागाकार येतो ते त्या खोक्याचे ‘आकारमानी वजन’. प्रत्यक्ष वजन आणि आकारमानी वजन यांत जे जास्त असेल त्यावर आकार लागतो. आमच्या खोक्याचा गुणाकार ८०,००० आणि भागाकार १६. म्हणजे काट्यावर पाच किलो भरणारी फुले कुरिअरवाल्याच्या लेखी सोळा किलोंची होती. १६ गुणिले ६०, बरोबर ९६०. व्यापाऱ्याचा हिशेब पै-पैशाने खरा होता.

वैद्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण आपल्या व्यवसायातील बराचसा माल याच जातीचा आहे. फुले, पाने, सुटी पंचांगे, काढ्याची जाड भरड हे सारे हलके आणि जागा खाणारे. याउलट भस्मे, गुटी, गुग्गुळ कल्प हे लहान आणि जड. काचेच्या बाटलीतील अरिष्टाची तऱ्हा निराळीच. तेथे औषधापेक्षा बाटलीचे आणि तिच्या संरक्षणार्थ घातलेल्या आवरणाचे वजन व आकार यांचाच खर्च पडतो. काही कुरिअरवाले द्रव पदार्थ स्वीकारीतच नाहीत, तेव्हा ते आधी विचारून घेणे बरे. ‘किलोला इतके’ असा दर सांगून वनस्पती विकणारा आणि तो ऐकून पैसे पाठवणारा असे दोघेही वादाचे बीज पेरीत असतात.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत, संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. समोरचा ज्ञानी आहे, रागावणारा नाही, त्याला समजावून देता येते आणि तोही समजून घेतो, अशा मनुष्याशी मैत्रीने बोलावे; विगृह्य मार्ग धरण्यापूर्वी मात्र स्वतःचे आणि प्रतिपक्षाचे बळाबळ तपासावे, असा त्याचा आशय. शास्त्रचर्चेसाठी सांगितलेली ही रीत पैशांच्या तंट्यास लावणे काहींना आगाऊपणाचे वाटेल. आमचा अनुभव असा की ती तंतोतंत लागू पडते. ६६० रुपयांसाठी नीमचच्या व्यापाऱ्याशी विगृह्य मार्गाने लढून आम्ही काय मिळवणार होतो? त्यास आम्ही इतकेच लिहिले : “आपला हिशेब बरोबर आहे. परंतु आकारमानाची गोष्ट पैसे घेण्यापूर्वी सांगणे आपले काम होते आणि विचारणे आमचे. चूक दोघांची, जास्तीचा भार निम्मा-निम्मा सोसू.” त्यांनी ते तत्काळ मान्य केले. आम्ही ३३० पाठवले, ३३० त्यांनी सोसले. पुढील खेपेस त्यांनी आपण होऊन फुले दाबून भरली. खोके ४० × ३० × ३० सेंमीचे झाले, म्हणजे आकारमानी वजन ७.२ किलो. खर्च निम्म्याहून खाली आला. आजही धायटी आम्ही त्यांच्याकडूनच घेतो.

कायद्याची बाजू

संधाय मार्ग प्रत्येक वेळी चालत नाही. समोरचा उत्तरच देत नसेल तर मैत्री कोणाशी करावी? म्हणून कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात ठाऊक असावे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू होऊ लागला आणि त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियम आले. त्या नियमांनुसार विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एका आकड्यात सांगितली पाहिजे, आणि सोबत तिची फोडही दिली पाहिजे. घरपोच देण्याचा आकार, टपाल व हाताळणीचा खर्च, वाहतूक आणि कर असे सक्तीचे व ऐच्छिक सर्व आकार त्या फोडीत आले पाहिजेत. टपालखर्चाचा असा नावाने उल्लेख नियमात आहे, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. आधीच खूण केलेल्या चौकटीतून ग्राहकाची संमती गृहीत धरणे त्याच नियमांनी वर्ज्य केले आहे. ई-वाणिज्य संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि महिन्याच्या आत निवारण करावे, असेही बंधन आहे. पुढे ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. सुरुवातीस कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवत नेणे, तसेच न विचारता खरेदीच्या टोपलीत काही सरकवणे, हे दोन्ही प्रकार त्यांत निषिद्ध ठरवले आहेत.

हे नियम आपल्यालाही बांधतात काय? खाजगी नात्याने, कधी तरी एखादी वस्तू विकणाऱ्या व्यक्तीस नियमांतून वगळले आहे. परंतु व्यवसायाचा भाग म्हणून, नेमाने, मोबाईलवरून मागणी घेऊन जो औषध विकतो त्याने ‘आम्ही काही दुकानदार नाही’ असे म्हणण्यात अर्थ नाही. २२० रुपयांचा गोल आकडा लावताना आम्हीही तसेच समजत होतो.

ग्राहक म्हणून तक्रार करावयाची झाल्यास आधी विक्रेत्यास लेखी कळवावे, मग संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास, त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तेथेही निभाव लागला नाही तर जिल्हा आयोग. आपण जेथे राहतो वा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास दाखल शुल्क नाही. मात्र एक अडचण वैद्यांनी लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने खरेदी करणारा या कायद्याने ग्राहक ठरत नाही. केवळ स्वयंरोजगाराने उदरनिर्वाह करण्यासाठी केलेली खरेदी यास अपवाद आहे. एकट्याने चिकित्सालय चालवणारा वैद्य त्या अपवादात बसू शकतो; चार शाखा आणि पगारी नोकर असणाऱ्यास ते सिद्ध करणे कठीण जाईल.

टपाल खात्याविरुद्धच्या तक्रारीचे शास्त्र निराळे आहे. १८९८ चा जुना टपाल कायदा जाऊन टपाल कायदा, २०२३ हा १८ जून २०२४ पासून लागू झाला. जुन्या कायद्याप्रमाणे नव्यातही खात्याची जबाबदारी मर्यादितच आहे; नियमांनी जेवढी ठरवून दिली असेल तेवढीच. तेव्हा मूल्यवान कल्प पाठवताना विम्याचे चार पैसे वाचवू नयेत, आणि ते पैसे कोण देणार हेही आधी बोलून घ्यावे.

परतीचा खर्च

जाण्याच्या खर्चापेक्षा परतीच्या खर्चावरून होणारे तंटे अधिक चिवट असतात. आम्ही ६० मिलीच्या तपकिरी काचेच्या २०० बाटल्या, नगास ७ रुपये दराने, एका संकेतस्थळावरून मागवल्या. त्यांतील ३१ फुटून आल्या. विक्रेता म्हणाला, नव्या पाठवतो, पण वाहतुकीचे २८० रुपये भरा. फुटलेल्या बाटल्यांची किंमत २१७ रुपये. म्हणजे २१७ च्या नुकसानीसाठी वर २८० भरावयाचे! आम्ही खोके उघडतानाची छायाचित्रे, फुटक्या बाटल्यांची मोजणी आणि मूळ देयक जोडून संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिले. सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, एवढेच एक वाक्य नियमाचा हवाला देऊन घातले. नव्या बाटल्यांचा आग्रह धरला नाही; २१७ रुपये परत मागितले. ते आठवड्यात मिळाले. छायाचित्रे नसती तर मिळाले असते असे वाटत नाही. तेव्हापासून काचेचे खोके आमच्याकडे कॅमेऱ्यासमोरच उघडले जाते.

हाच प्रसंग उलट बाजूने आमच्यावरही येतो. अरिष्टाची बाटली वाटेत फुटते, तेल झिरपून चूर्णाच्या पुड्या भिजतात. अशा वेळी रुग्णाकडून छायाचित्र मागवावे आणि दुसरे औषध स्वखर्चाने धाडावे. फुटका माल परत मागवू नये. एकदा रुग्णाच्या घरी गेलेले, उघडलेले औषध आपण दुसऱ्या रुग्णास देणार नाही. मग त्याच्या परतीच्या खर्चावरून भांडण तरी कशाला? चुकीचा पत्ता रुग्णाने दिला असेल, किंवा तीनदा जाऊनही घर बंद असेल, तर दुसऱ्यांदा पाठवण्याचा खर्च त्याने द्यावा हे न्याय्य आहे. परंतु तेही मागणी घेतानाच सांगितलेले असावे. पुडके परत आल्यानंतर सांगितलेला नियम हा रुग्णाला दंडासारखा वाटतो.

आणखी एक गोम सांगून ठेवतो. ‘हजार रुपयांवरील मागणीस टपालखर्च माफ’ अशी योजना काही वैद्य चालवतात. रुग्ण अकराशेची मागणी करतो, त्यातील तीनशेचे औषध न उघडता परत करतो आणि मग माफ केलेला खर्च कापून घ्यावा काय, असा पेच पडतो. आमच्या परिचयातील एका वैद्यभगिनींनी ही योजनाच बंद केली. आम्हांसही ते योग्य वाटते. टपाल फुकट असत नाही; त्याचे पैसे कोठे तरी औषधाच्या किमतीत दडवावे लागतात, आणि मग चिकित्सालयात येऊन औषध नेणाऱ्या रुग्णाने दूरच्या रुग्णाचा टपालखर्च भरल्यासारखे होते.

ग्रंथ मागवणाऱ्यांसाठी थोडेसे. जुन्या पुस्तकांचे विक्रेते २०० रुपयांच्या ग्रंथावर १५० रुपये कुरिअर लावतात, त्यावरून कुरबुरी होतात. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा पुस्तकांसाठी सुरू केली. तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, असा जाहीर झाला. शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक ग्रंथांना ती आहे. व्यापारी मजकूर वा नियतकालिकांना नाही. पुडके भूमार्गाने जाते, म्हणून वेळ लागतो. संहितेला आठ दिवसांनी काही बिघडत नाही. विक्रेत्यास या सेवेविषयी विचारून पाहावे. पुष्कळांना ती ठाऊक नसते.

आमच्याकडील सध्याची रीत

दर सतत बदलत असल्याने भिंतीवर तक्ता लावून ठेवणे निरुपयोगी ठरले. २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टाने जाणाऱ्या कागदपत्रांचे दरही नव्याने लागू झाले. आता आमचे सहायक औषध खोक्यात भरून, वजन करून, मापे घेऊन त्या दिवशीचा दर खात्याच्या संकेतस्थळावर पाहतात आणि मगच रुग्णास कळवतात : औषध इतके, टपाल इतके, खोके व आवरण ४० रुपये, एकूण इतके. रुग्णाने ‘पाठवा’ म्हटल्यावर पैसे घेतले जातात. प्रत्यक्ष टपालखर्च सांगितल्यापेक्षा कमी झाला तर फरक पुढील महिन्याच्या हिशेबात वळता होतो. थोडा जास्त झाला तर तो चिकित्सालयाचा. या रीतीने आमचे महिन्याला शंभर-दीडशे रुपये जात असतील. पोस्टाच्या पावतीचे छायाचित्र त्याच दिवशी रुग्णाच्या मोबाईलवर जाते. यात सहायकाची दर पुडक्यामागे पाच-सात मिनिटे मोडतात, हे खरे आहे, आणि गर्दीच्या दिवशी तो त्याबद्दल कुरकुरतोही.

गुरुजींनी आमच्या पत्राला आठ दिवसांनी उत्तर धाडले, पोस्टकार्डावर. परत केलेले १५२ रुपये पुढच्या औषधात धरावेत, इतकाच मजकूर. वेदनाशामक गोळ्या बंद करून, आधी पोटाची चिकित्सा करून, मग आमवाताची पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. सहा वर्षांत जे साधले होते ते परत मिळवण्यास दहा महिने गेले. मधल्या काळात त्यांनी एक सूचना केली. सुंठ आणि एरंडेल तेल नागपुरातही चांगले मिळते, ते कऱ्हाडहून कशास पाठवता? ती आम्ही तत्काळ मान्य केली. त्यामुळे पुढे औषधात वाढ करूनही पुडके दीड किलोच्या वर गेले नाही. पोस्टाची चिठ्ठी लागलेली बाजू पुडक्यावर वरच ठेवावी, अशी सहायकास सूचना आहे.